सोवळ्याआडचं दूध

मला मोगऱ्याचा वास सोसत नाही. लग्नकार्यात घरातल्या सुना माझ्यासाठी आठवणीनं गजरा आणतात, आणि मी नको म्हटलं की एकमेकींकडे बघतात. म्हातारी तुसडी आहे असं त्यांना वाटतं. आहेच मी तुसडी, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण मोगऱ्याचं कारण वेगळं आहे. ते मी कुणाला नीट सांगितलं नाही, कारण ते सांगायचं म्हणजे छातीबद्दल आणि दुधाबद्दल बोलावं लागतं. आमच्या वयाच्या बायका बाळंतपणाच्या गोष्टी तासन्‌तास सांगतील, पण पाजण्याचा विषय निघाला की पदर सारखा करतात.

माझं सासर श्रीवर्धनचं. घरामागे सुपारीची वाडी, वाडीत विहीर, विहिरीवर रहाट. सासरे एक तर वाडीत नाहीतर देवघरात असत. घरातल्या बायकांच्या भानगडीत त्यांनी कधी लक्ष घातलं नाही. माझे यजमान तळा गावच्या शाळेत मास्तर होते आणि सुटी लागली की येत. म्हणजे उरल्या दोघी, सासूबाई आणि मी. सासूबाई कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना दुष्ट ठरवील, आणि ते मला आवडणार नाही.

माझं पहिलं मूल मुलगा. माहेरी, खाडीपलीकडे आगरदांड्याजवळ झाला. माझ्या अंगावर पिऊन चांगला गुटगुटीत झाला होता. त्याला घेऊन मी सासरी आले आणि श्रावणात त्याला जुलाब लागले, अंगात ताप भरला. वैद्यबुवा आले. त्यांनी एका वाटीत पाणी मागवलं आणि माझं थोडं दूध त्यात सोडायला सांगितलं. चांगलं दूध पाण्यात एकजीव होतं आणि बिघडलेलं तळाशी जातं, असं त्यांचं शास्त्र. मी दाराआड पिळून दिलेलं दूध सासूबाईंनी वाटीत सोडलं. ते तळाशी गेलं म्हणे. मी काही पाहिलं नाही, मी दाराआडच होते.

त्या दिवसापासून मुलाला माझ्यापासून तोडलं. सासूबाईंनी त्याला आपल्या खोलीत नेलं, मला मधल्या खोलीत ठेवलं आणि दूध आटावं म्हणून माझी छाती जुनेऱ्यानं करकचून बांधली. दोन खोल्यांच्या मध्ये एक भिंत. तो रडला की माझ्या जुनेऱ्यातून दूध पाझरायचं. पुढे त्याचं रडणं बारीक झालं, आणि मग थांबलं.

नंतर मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर मी भांडले असते. भांडायला मला कधी कुणी शिकवावं लागलं नाही. पण सगळे माझ्याशी जपून बोलत. आलेल्या बायकांना सासूबाई हळूच सांगत, "तिचा दोष नाही हो, दूधच बाधलं." ते मी इतक्या वेळा ऐकलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. अंघोळ करताना मी स्वतःच्या छातीकडे बघत नसे.

दुसऱ्या खेपेला मुलगी झाली, फाल्गुनात, होळी होऊन गेल्यावर. पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, अशी आमच्याकडची रीत, म्हणून ही श्रीवर्धनलाच झाली. सुइणीनं तिला धुऊन पुसून आणलं आणि मी हात पुढे केले, तर सासूबाईंनी मधल्या मधे तिला उचललं. सगळं आधीच ठरलेलं होतं. गाय व्यायलेली होती. वावडिंग घालून उकळलेलं, निम्मं पाणी मिसळलेलं दूध तयार होतं, आणि घासूनपुसून ठेवलेलं चांदीचं बोंडलंही. मुलीला पहिला घोट त्या बोंडल्याच्या चोचीतून मिळाला. "हिला आपण जगवायची गो," सासूबाई मला म्हणाल्या.

बाळंतिणीचं सगळं माझं झालं. तेल लावून न्हाणं झालं, शेक झाला, डिंकाचे लाडू झाले. अळीव तेवढे दिले नाहीत, कारण अळिवानं दूध वाढतं. आणि माझं दूध आटवायचं होतं. विहिरीजवळ मोगऱ्याचं मोठं झुडूप होतं आणि उन्हाळा तोंडावर आलेला, म्हणजे फुलांना तोटा नव्हता. रोज संध्याकाळी सासूबाई ओंजळभर फुलं ठेचत, माझ्या छातीवर थापत आणि वर कापड आवळून बांधत. मोगऱ्यानं दूध मागे जातं म्हणतात. जातं की नाही देव जाणे, पण वरवंट्यासारखी घट्ट, तापलेली छाती आणि तिच्यावर तो गोड वास, हे ज्या बाईनं सोसलं असेल तिच्या केसांत पुन्हा गजरा घालून दाखवावा.

मुलगी वाढेना. बोंडल्यातलं दूध पोटात गेलं की थोड्या वेळानं बाहेर. मांड्यांवरची कातडी सैल पडली, टाळू खोल दिसायला लागली. सासूबाईंनी दुधात पाणी वाढवलं, मग कमी केलं, मग गाईचा चारा बदलला. त्यांना झोप नव्हती. बोंडलं घेऊन बसत तेव्हा त्यांचे ओठ हलत. मुलगी एक घोट गिळी आणि त्या एकदा देवाचं नाव घेत. मी शेजारी बसून बघत असे. मला धरू देत, थोपटू देत, झोपवू देत. छातीशी मात्र न्यायचं नव्हतं.

एके सकाळी सासूबाई अंघोळ करून, सोवळं नेसून स्वयंपाकघरात गेल्या. एकदा सोवळ्यात गेल्या की नैवेद्य होईपर्यंत त्या कशाला शिवत नसत. ना अंथरुणाला, ना आमच्या धुवट कपड्यांना, ना मला. मुलगी माझ्यापाशी होती. ती रडत होती, पण ते रडणं बारीक झालेलं. ते रडणं माझ्या ओळखीचं होतं. भिंतीपलीकडून मी ते ऐकलेलं होतं.

मी तिला परसाकडच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि छातीवरचं कापड सोडलं. तेव्हा मी धीट झाले होते असं कुणी समजू नये. मी भ्याले होते. माझ्या दुधात विष आहे असं मला खरोखरच वाटत होतं. पण ही अशीही जातेच आहे, मग माझ्याजवळून उपाशी का जावी, एवढाच माझा हिशोब होता. तिच्या ओठांना मोगऱ्याची पाकळी चिकटली, ती मी काढली. तिला धरता येईना. दोनदा तोंडातून निसटलं, ती चिडली, आणि तिच्या चिडण्यानंच मला पान्हा फुटला. मग ती अशी चिकटली की मला कळ आली. घट्ट छाती हळूहळू सैल होत गेली. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून बसले होते. दुखत होतं म्हणून, आणि आनंद झाला होता म्हणूनही. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता.

मग दिवसभर जीव टांगणीला. ती झोपली तर नाकापाशी बोट धरून बघायचं, उठली तर अंग तापलंय का बघायचं. दुपटं पालटताना तर मी जुलाबच शोधत होते. काही झालं नाही. ओकलीसुद्धा नाही. संध्याकाळी सासूबाईंनी मोगरा बांधला तेव्हा मी मान खाली घालून बसले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दूध निम्मं झालं होतं, पण ती ओढायला लागली तसं परत यायला लागलं. संध्याकाळी मोगरा ते मागे ढकली आणि सकाळी मुलगी ते पुढे ओढी. या ओढाताणीत कोण जिंकणार याची मला खात्री नव्हती. बांधलेलं कापड मी विहिरीवर जायच्या निमित्तानं सैल करायची आणि माघारी येताना पुन्हा आवळायची.

अडचण वेगळीच निघाली. आमच्यात उघडं तान्हं मूल ओवळं धरत नाहीत. ओवळे असतात ते त्याचे कपडे. त्यामुळे मुलगी उघडी, लंगोटाविना असली की सासूबाई सोवळ्यातसुद्धा तिला उचलत. रडण्याचा आवाज आला की चुलीवरचं सोडून येत. एकदा अशा त्या दारापर्यंत आल्या आणि मी कशीबशी चोळी सारखी केली. तेव्हापासून मी मुलीला सकाळच्या वेळी कपड्यांत गुंडाळायला लागले. अंगडं, वर कुंची, वर दुपटं. कपड्यांतल्या मुलीला सोवळ्यातली आजी शिवू शकत नव्हती.

"एवढ्या उकाड्यात कुंची कशाला गो?" त्या दारातूनच विचारत.

"सकाळचं वारं असतं. टाळू भरली नाहीये अजून."

टाळूची धास्ती त्यांनाच जास्त होती. देवाधर्माच्या नियमाचा मी असा उपयोग केला याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. उलट थोडं हसूच येतं. चैत्र संपून वैशाख लागला, माणसं पंख्यानं वारा घेत होती, आणि आमच्या घरात एक तान्ही मुलगी हिवाळ्यातल्यासारखी नटून बसलेली.

आणि ती भरायला लागली. मांड्यांना वळ्या आल्या. टाळू वर आली. पिता पिता मध्येच थांबून माझ्याकडे बघायची, ओठाच्या कडेनं दूध ओघळायचं, आणि आपल्याला सगळं माहीत आहे अशी हसायची. तिचा एक हात सारखा माझ्या मंगळसूत्राशी चाळा करी. मी तिच्या कानात काहीबाही बोलत बसे, अगदी हळू. त्या खोलीत एरवी सोललेल्या सुपाऱ्यांची पोती असत आणि तिथे फारसं कुणी येत नसे. आयुष्यात माझ्या मालकीची अशी एकच जागा झाली, ती पोत्यांच्या आड.

घरात आनंदीआनंद. सगळं श्रेय गाईला. सासूबाईंनी तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, पेंड वाढवली. शेजारच्या बायकांना सांगायच्या, "गाईचं मानवलं हो. आधीच्या वेळी ही गाय असती तर..." मी तिथेच बसून तांदूळ निवडत असे. माझ्या जिभेवर शब्द यायचे आणि मी ते गिळायची. गाईचा मला इतका राग यायचा की बिचारीला पाणी दाखवताना मी बादली आदळायची.

वाडीत सुपाऱ्या वेचायला एक कुणबीण यायची. तिनं एकदा परसाकडच्या खिडकीतून आत पाहिलं आणि मला पाजताना बघितलं. मी बाहेर जाऊन तिच्यापाशी उभी राहिले, तर ती मान वर न करता म्हणाली, "माजी काय नजर चांगली न्हाय, बाय. मला आतलं दिसत न्हाय." तरी पुढे किती तरी दिवस ती सासूबाईंशी बोलताना दिसली की मी काही ना काही निमित्त काढून मध्ये जायची.

हे सुटीत आले. मला वाटलं, नवरा आहे, शिकलेला आहे, याला सांगावं. एका दुपारी रहाटापाशी मी सुरुवात केली, "मुलीच्या दुधाचं एक सांगायचं होतं." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते मूर्ख नव्हते. म्हणाले, "मला सांगू नकोस. सांगितलंस तर आईनं विचारल्यावर मला खोटं बोलता येणार नाही." आणि रहाटाचा बैल आवरायला निघून गेले. त्यांचं हे वागणं मला अजून धड चांगलंही म्हणता येत नाही आणि वाईटही.

पण मुलगीच मला उघडं पाडायला निघाली. तिला चव कळली होती. सासूबाईंनी बोंडलं लावलं की जिभेनं बाहेर ढकलायची. त्यांच्या मांडीवरून मान वळवून माझ्या चोळीकडे तोंड न्यायची आणि हवेतच ओठ हलवायची. सासूबाई म्हणायच्या, "हिला झालंय काय?" मी म्हणायची, "दात येत असतील." एवढ्या लवकर कुणाचे दात येतात? त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. त्या संध्याकाळी मोगरा बांधताना त्यांचा हात माझ्या छातीवर थबकला. आटलेली छाती अशी नसते, हे मुलं झालेल्या बाईला सांगावं लागत नाही. कापड त्यांनी नेहमीपेक्षा आवळून बांधलं.

मला कळलं की आता फार दिवस उरले नाहीत. पकडले गेले तर मुलीला पुन्हा त्या खोलीत नेतील, आणि मला मधल्या खोलीत. माहेरी पळून जावं, असंही मनात आलं. पण दिघीला जाऊन होडीनं खाडी उतरायची, हातात तान्हं मूल, आणि पलीकडे आई विचारणार, का आलीस? तिलाही मी काय सांगणार होते?

वैशाखाच्या अखेरीला मुलीच्या अंगभर घामोळं उठलं. मानेला, काखेत, पाठीला लालभडक. कुंची घातली की ती किंचाळायची. माझ्या सोयीसाठी तिला किती दिवस भाजून काढायची? त्या सकाळी मी तिचे सगळे कपडे काढले. गार पाण्याचा हात फिरवला, आणि तशीच उघडी छातीशी घेतली. तिला किती बरं वाटलं ते तिच्या अंगावरून कळत होतं.

दार लोटलेलं होतं. ते उघडलं तेव्हा मी उठले नाही. चोळीही सारखी केली नाही. का ते ठाऊक नाही, कंटाळले असेन.

सासूबाई सोवळ्यात होत्या. हाताला नारळाचा कीस लागलेला. मुलगी गटागटा पीत होती, तो आवाज त्या खोलीत फार मोठा वाटत होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पाडव्यानंतर. थोड्याच दिवसांनी."

"रोज?"

"रोज."

"म्हणजे गाईचं नव्हे."

"नाही."

मी तयार होते. त्यांनी हात पुढे केला असता तर मी चावलेही असते. आणि बोलायचं तर महिनोन्‌महिने साठवलेलं होतं: बघा, माझं दूध, हिला जगवलं ते माझ्या दुधानं. ते वाक्य मी पोत्यांच्या आड बसून कितीदा तरी मनात म्हणून घेतलं होतं.

सासूबाई खाली बसल्या. माझी गोधडी पसरलेली होती, तिच्यावरच बसल्या. चुलीवर नैवेद्याचा भात होता आणि त्या सोवळ्याच्या लुगड्यानिशी माझ्या ओवळ्या गोधडीवर बसल्या, आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मुलीच्या वळ्या पडलेल्या मांडीकडे त्या टक लावून बघत होत्या.

"तो तोंड फिरवायचा," त्या म्हणाल्या. "मी बोंडलं लावलं की मान वळवायचा. त्या भिंतीकडे. शेवटी शेवटी मान वळवायची ताकद नव्हती, तेव्हा नुसते डोळे फिरवायचा. मला वाटलं, त्याची अन्नावरची वासनाच उडाली."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या भिंतीच्या या बाजूला मी होते. मी मुलीला घट्ट धरलं, इतकं की तिनं पिणं सोडून माझ्याकडे पाहिलं. माझं दूध चांगलं होतं. हे सिद्ध व्हावं म्हणून मी इतके दिवस तडफडले होते, आणि सिद्ध झाल्यावर त्याचा दुसरा अर्थ माझ्यापुढे उभा राहिला. तो सासूबाईंपुढे माझ्याआधी उभा राहिला होता. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं होतं.

"तुझ्याकडे ठेवला असता तर जगला असता का गो तो?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं मी त्या श्रावणानंतर घरातल्या प्रत्येकाकडे पाहत होते. तुझा दोष नाही, दूध चांगलंच होतं, त्याचा आजारच तसा होता, एवढं कुणीतरी म्हणेल म्हणून मी वाट बघितली होती. कुणी म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी तर नाहीच नाही. मला राग आला होता आणि तो खरा होता. पण मांडीवर मुलगी होती, आणि समोर बसलेली बाई माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "त्याचा आजारच तसा होता."

त्यांना ते पटलं की नाही, मला कळलं नाही. मला तर ते आजही पटत नाही. त्या उठल्या नाहीत. मुलीकडे बघतच म्हणाल्या, "ती बाजू रिकामी झाली असेल. दुसरीकडे घे तिला."

मी तिला दुसरीकडे घेतलं.